बॅरलचा झोन २ सारखा वर-खाली होतोय, पीआयडीत (कंट्रोलर ज्या तीन आकड्यांवर हीटरचा जोर ठरवतो त्यांत) नक्की काय बदलू?

खान्देशी_पाईप:
नमस्कार मंडळी, जळगाव एमआयडीसीत एचडीपीई (प्लास्टिक) पाईपचा एक्स्ट्रुडर आहे, म्हणजे तापवलेल्या नळीत (बॅरल) स्क्रू फिरवून माल वितळवत पुढे ढकलणारं मशीन. बॅरलला तापवायचे ४ झोन. झोन २ ने डोकं उठवलंय. सेट २००, पण चढताना सरळ २१४ ला जातं, मग उतरत उतरत १९१, परत वर, दिवसभर हाच झोका. एका फेऱ्याला ४-५ मिनिटं लागतात, मोबाईलवर वेळ लावून बघितली. जुना कंट्रोलर गेला म्हणून मागच्या आठवड्यात नवीन बसवला, ऑटो ट्यून (कंट्रोलर स्वतःच आकडे शोधतो ते) तीनदा मारलं आणि तिन्ही वेळा वेगळेच आकडे आले, सध्या प्रपोर्शनल बँड (सेटच्या किती जवळ आल्यावर हीटरचा जोर कमी व्हायला लागतो) ४ डिग्री, इंटिग्रल (उरलेला फरक भरून काढायचा वेळ) ६०, डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग बघून आधीच आवरायचा वेळ) १५ आहे. आउटपुट रिले, त्याच्यावर कॉन्टॅक्टर (हीटरचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), पुढे मायका बँड हीटर. ऑपरेटर काका म्हणतात ऑन-ऑफला टाक आणि मोकळा हो. पाईपची जाडी मागेपुढे होतेय, माल परत यायच्या आत काहीतरी सांगा.
ता.क. झोन ४ पण सेटच्या वर २०८ ला बसलाय, पण तो हलत नाही म्हणून त्याचं नंतर बघू.

पॅनेलवाला_भोसरी:
काकांचं ऐकू नका, ऑन-ऑफला झोका जाणारच नाही, हीटर बंद झाल्यावरही त्याच्या अंगातली उष्णता बॅरलमध्ये येतच राहते.
आधी सांगा सायकल टाईम (हीटर एकदा चालू-बंद व्हायच्या फेऱ्याचा वेळ) किती सेकंद ठेवलाय? एसएसआरला (हलता कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) १-२ सेकंद चालतो, कॉन्टॅक्टरला १५-२० पाहिजेच. २ वर ठेवला असेल तर पॅनेलमधून टकटक टकटक ऐकू येत असेल, महिन्याभरात कॉन्टॅक्ट चिकटतील आणि मग हीटर बंदच होणार नाही. आणि ऑटो ट्यून कधी मारलं, मशीन थंड असताना की माल चालू असताना?

खान्देशी_पाईप:
२ च आहे 🤦 टकटक येते, मला वाटलं नवीन आहे म्हणून आवाज करतोय. ऑटो ट्यून सकाळी थंड मशीनवर, स्क्रू बंद असताना मारलं.

थर्मोकपल_काका:
मग ते आकडे कचऱ्यात टाका. स्क्रू फिरायला लागला की माल उष्णता ओढतो, शिवाय घासून स्वतःची उष्णता तयार करतो ती वेगळीच, म्हणजे थंड आणि उभं मशीन हे वेगळंच मशीन आहे. माल चालू, आरपीएम रोजचा, टेंपरेचर सेटच्या आसपास, तेव्हाच मारायचं.
पण तीनदा मारून तीन वेगळे आकडे येतात हे मला खटकतंय. थर्मोकपल (बॅरलच्या भोकात बसवलेला तापमानाचा सेन्सर) काढून बघा हो. भोकाच्या तळाला टेकतोय का? स्प्रिंग मेली असेल किंवा भोकात जळकं प्लास्टिक बसलं असेल तर टोक हवेत लटकतं आणि बॅरल तापल्याची खबर कंट्रोलरला उशिरा पोचते, तोवर हीटर ओतून मोकळा झालेला असतो. असल्या झोक्याला पीआयडीत औषध नाही. मी एकदा दोन दिवस नुसते आकडे बदलत बसलो होतो, शेवटी आत वॉशरचा तुकडा निघाला.

ट्यूनिंग_ट्यूनिंग:
वरचं सगळं झाल्यावर हाताने करायचं असेल तर १९४२ ची झिगलर-निकोल्स पद्धत अजून चालते. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद, बँड हळूहळू कमी करत जा, एका जागी झोका एकसारखा सुरू होतो, ना वाढतो ना मरतो. तो बँड समजा ६ डिग्री आणि फेरा २४० सेकंद. मग बँड ६ च्या पावणेदोन पटीला थोडा कमी म्हणजे १०, इंटिग्रल फेऱ्याच्या निम्मा १२०, डेरिव्हेटिव्ह आठवा हिस्सा ३०. पहिल्यांदा थोडा वर उडी मारेल, बँड अजून रुंद केला की शांत होतो. बरेच जण इथेच उलटं करतात, बँड वाढवला म्हणजे जोर वाढला असं वाटतं, पण बँड मोठा म्हणजे कंट्रोलर मवाळ. आणि तुमच्या कंट्रोलरमध्ये बँड डिग्रीत आहे की टक्क्यात ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर सगळं गणित फिस्कटेल.

पीव्हीसी_सांगली:
आमच्याकडे पीव्हीसी आहे, आम्ही पण असंच चालू मालावर मारू का?

थर्मोकपल_काका:
जपून! ऑटो ट्यून मुद्दाम सेटच्या वर-खाली झोके घेतं, पीव्हीसी वर गेला की जळतो आणि त्याचा अ‍ॅसिडचा वाफारा नाकात जातो, वर स्क्रू-बॅरलला गंज. सेट १५-२० डिग्री खाली ठेवून ट्यून करा, मग सेट जागेवर आणा.

खान्देशी_पाईप:
काय भो, थर्मोकपलच निघाला! स्प्रिंग पार पिचलेली, भोकात काळ्या मालाची गोळी. ड्रिलचा बिट हाताने फिरवून साफ केलं, नवा थर्मोकपल तळाला टेकवून बसवला, सायकल टाईम २०, दुपारी चालू मालावर ऑटो ट्यून. बँड ११, इंटिग्रल १८०, डेरिव्हेटिव्ह ४५ आले, परत मारलं तर जवळपास तेच. आता १९९ ते २०१.
झोन ४ मात्र तसाच २०८, कंट्रोलर आउटपुट ० दाखवतो तरी. काका आता म्हणतात त्याला पण ऑटो ट्यून मार, मघाशी ऑन-ऑफ म्हणत होते 😄

पॅनेलवाला_भोसरी:
आउटपुट ० असताना हीटरच्या वायरला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) लावा. अँपिअर दिसले तर कॉन्टॅक्ट चिकटलाय, नाही दिसले तर ती स्क्रूच्या घासण्याची उष्णता. त्याला ट्यून करण्यासारखं काही नाही, हीटर आधीच बंद आहे. ब्लोअर (थंड करायचा पंखा) आहे का त्या झोनला?

खान्देशी_पाईप:
ब्लोअर आहे, वायर काढून ठेवलीय. कोणी काढली ते कोणालाच माहीत नाही.