1994 ची युनोस रोडस्टर घरच्या गॅरेजमध्ये सुधारायची आहे: टर्बो आधी की आणखी काही?

रानवारा (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे मनात असलेली गाडी अखेर घरी आणली आहे. माझदा एमएक्स-5 ची पहिली पिढी, म्हणजे जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेलेली दोन आसनांची उघडी गाडी. माझी गाडी 1994 ची, 1.8 लिटर इंजिनाची, पाच गिअरची आणि जपानहून इकडे आयात झालेली आहे. आधीच्या मालकाने रंग आणि आतली सजावट उत्तम ठेवली आहे, परंतु देखभालीची कागदपत्रे फारशी नाहीत.

घराला जोडून एका गाडीपुरते गॅरेज आहे. ट्रॉली जॅक, चार स्टँड, सॉकेटचा संच आणि टॉर्क पाना माझ्याकडे आहे. नाशिकला वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर भरपूर काम केलेले असल्यामुळे पाना धरायची सवय आहे, मात्र इंजेक्शनच्या गाडीला प्रथमच हात लावतो आहे.

आतापर्यंत लक्षात आलेल्या गोष्टी अशा: सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिनातून काही वेळ टिकटिक असा आवाज येतो, क्लचचे पेडल पहिल्या एक-दोन दाबांत पोकळ लागते, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून तेलाचे थेंब पडतात, आणि पाऊस झाला की सीटच्या मागचे कार्पेट ओले होते. या वर्षासाठी सुमारे 2,000 पौंड बाजूला ठेवले आहेत. मूळ 130 अश्वशक्ती मला थोडी कमी वाटते, म्हणून टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) बसवावा किंवा निदान उंची कमी-जास्त करता येणारे कडक सस्पेन्शन घालावे, असा विचार आहे. जाणकारांनी कृपया क्रम सुचवावा.

लोहारआळी (लेस्टर, इंग्लंड)

रानवारा, गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. टर्बोचा विचार सध्या बाजूला ठेवा, इतकेच नव्हे तर क्लच आणि तेलसुद्धा काही दिवस थांबू द्या, कारण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत सर्वांत गंभीर आहे ते ओले कार्पेट. या गाडीचे इंजिन सहसा मरत नाही, गाडी मरते ती पत्र्याने.

कापडी टपाच्या मागच्या कडेला आतून एक पन्हळ आहे. टपावरचे पाणी तिच्यात उतरते, दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबाजवळच्या छिद्रातून नळीत जाते आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे, गाडीच्या तळाशी बाहेर पडते. या नळ्या पालापाचोळ्याने आणि मातीने तुंबल्या की पाणी कार्पेटमध्ये, आणि त्याहून वाईट म्हणजे दाराखालच्या सिलच्या पोकळीत साचते. तिथे ते महिनोन्‌महिने राहते आणि पत्रा आतून पोखरतो. बाहेरून रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. टप अर्धा उचलून त्या छिद्रात कपभर पाणी हळूहळू ओता. ते लगेच खाली पडले पाहिजे. पडले नाही तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी आत सरकवून हलक्या हाताने मळ मोकळा करा. जाड तार खुपसू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, कारण नळीचा सांधा निसटला तर पाणी थेट सिलमध्ये जाईल आणि ते तुम्हाला दिसणारही नाही.

नंतर मागच्या चाकाच्या पुढचा, सिलचा शेवटचा वीतभर भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि जिथे आधीच्या कोणी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला असेल तिथला आवाज अगदीच निर्जीव असतो. रंग उत्तम ठेवलेल्या गाडीत हे विशेष काळजीने तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हे सर्वांत आधी करण्याचे आणखी एक कारण आहे. घरी काम करताना गाडी पुढून मधल्या क्रॉसमेंबरवर आणि मागून डिफरन्शियलच्या घरावर जॅक लावून उचलता येते, पण स्टँड बहुतेक जण सिलच्या दुमडलेल्या कडेखाली लावतात. सिल सडलेले असेल तर तीच कड वजनाखाली दबते, आणि त्या वेळी तुम्ही गाडीखाली असता. शंका असेल तर स्टँड सबफ्रेमखाली (इंजिन आणि सस्पेन्शन ज्या जाड चौकटीवर बसते तिच्याखाली) लावा, आणि उचललेल्या गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहिल्याशिवाय कधीही खाली शिरू नका.

जाता जाता डिकीतली बॅटरीही पाहा. या गाडीला मुळात सीलबंद आणि वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या असलेली बॅटरी होती. तिच्या जागी कोणी साधी ॲसिडची बॅटरी बसवली असेल तर तिच्या वाफेने डिकीचा पत्रा खाल्ला जातो.

घाटमाथा (ॲन आर्बर, मिशिगन)

लोहारआळी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडेही हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाचे दुःख मला चांगले ठाऊक आहे. मी इंजिन आणि क्लचपुरते लिहितो.

इंजिनाच्या पाठीमागच्या थेंबांमुळे घाबरून गिअरबॉक्स उतरवू नका. क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले असे निदान तिथे सर्रास केले जाते, आणि पुष्कळदा ते चुकीचे निघते. सिलिंडर हेडच्या अगदी मागे, फायरवॉलला लागून, कॅमची (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची) स्थिती मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या दांड्यावरचे रबरी ओ-रिंग वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिकसारखे कडक होते आणि तिथून झिरपणारे तेल हेडच्या पाठीवरून ओघळत नेमके गिअरबॉक्सच्या सांध्यावर येऊन थेंब धरते. आधी तो सगळा भाग डिग्रीझरने स्वच्छ करा, थोडी गाडी चालवा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन ओल वरून सुरू होते की खालून ते पाहा. ओ-रिंग काही पेन्सांचे असते. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या आणि हेडच्या अंगावर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा, कारण सेन्सर ज्या कोनात बसतो त्यावर इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते ते, ठरते. व्हॉल्व कव्हरचे गॅस्केटही त्याच वेळी बदलून टाका.

सकाळची टिकटिक ही हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या तेलभरल्या गुंड्यांची आहे. गाडी उभी राहिली की त्यांच्यातले तेल उतरते आणि पुन्हा भरेपर्यंत आवाज येतो. तेल व फिल्टर बदलून गाडी चांगली तापेपर्यंत चालवली की आवाज सहसा कमी होतो. तेल सुमारे पावणेचार लिटर लागते. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अवघड जागी आहे, त्यामुळे इंजिन गार झाल्यावरच हात घाला.

देखभालीची कागदपत्रे नाहीत म्हणता, तर टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम यांची जुळणी राखणारा पट्टा) बदललेला नाही असेच धरून चाला. तो सुमारे 1 लाख किलोमीटरला बदलायचा असतो. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व पिस्टनवर आदळत नाहीत, त्यामुळे इंजिन वाचते, पण गाडी मोटरवेवर मधोमध बंद पडते आणि तेही पुरेसे वाईट आहे. पाण्याचा पंप आल्टरनेटरच्या बेल्टवर फिरतो, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून बेल्ट, पंप, टेन्शनर आणि पुढची सीले एकाच वेळी बदलावीत. सुरुवातीच्या 1.6 लिटर इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची चावी झिजण्याचा जो दोष होता तो तुमच्या 1.8 मध्ये नाही, त्यामुळे त्याविषयी काही वाचलेत तर चिंता करू नका. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग मात्र आजच पाहा. ती मुळात काळी असते. तपकिरी पडली असेल तर ती ठिसूळ झाली आहे आणि कधीही तडकेल.

क्लचच्या पोकळ पेडलाचे मूळ बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये (पेडलाकडून आलेल्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरमध्ये) सापडेल. त्याचे रबरी बूट मागे सरकवा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला आहे. तो स्वस्त आहे आणि दोन बोल्टांवर निघतो. पेडलाजवळचा मास्टर सिलिंडर तितकाच जुना असेल तर दोन्ही एकदम बदलावेत असे माझे मत आहे, कारण नव्या स्लेव्हचा दाब जुन्या मास्टरला सोसत नाही आणि थोड्याच काळात तेच काम पुन्हा करावे लागते.

आणखी एक गोष्ट, जी पद्मिनीच्या सवयीने चुकू शकते. गिअरबॉक्समध्ये जीएल-4 प्रतीचे 75डब्ल्यू-90 तेल घाला, जीएल-5 नव्हे. जीएल-5 मधली गंधकयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रोरिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. डिफरन्शियलला मात्र जीएल-5 च लागते.

सातारकर (हिरोशिमा, जपान)

मी ज्या शहरात राहतो तिथेच ही गाडी बनली, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही.

शक्तीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ही गाडी सुमारे 1,000 किलोची, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन बाहू) असलेली, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समान वजन पडेल अशी मांडलेली आहे. तिचा खरा आनंद वळणावर आहे, आणि तीस वर्षांत जे झिजते तेही नेमके तिथलेच असते: शॉकॲब्सॉर्बर आणि विशबोनमधले रबरी बुश. अश्वशक्ती कमी वाटते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी ही गाडी घट्ट, ताज्या बुशांवर आणि नव्या टायरांवर चालवलेलीच नसते. तुमच्या टायरांवरचा चार आकडी उत्पादन-क्रमांक पाहा, शेवटचे दोन आकडे वर्षाचे असतात. नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो, आणि या गाडीत इतर काहीही बदलण्यापूर्वी तो बदलावा. मूळ माप 185/60 आर14 आहे. त्याहून फार रुंद टायर घातले की स्टिअरिंगची जी हलकी, बोलकी जाण या गाडीत आहे ती बोथट होते. माझदाने 2017 मध्ये या पिढीसाठी पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली, तेव्हा टप आणि लाकडी स्टिअरिंग चाकाबरोबर याच मापाचे टायरही मूळ नमुन्याप्रमाणे नव्याने करवून घेतले, यावरून त्या मापाचे महत्त्व ध्यानात यावे.

कडक सस्पेन्शनबद्दल लोहारआळी यांचा मुद्दा मी पुढे नेतो. छप्पर नसलेल्या गाडीत वाकण्या-पिळवटण्याचा ताण मुख्यतः सिल पेलतात. सिल पोखरलेले असताना वर कडक स्प्रिंग घातले तर स्प्रिंगऐवजी गाडीचा सांगाडाच वाकू लागतो. पत्रा ठीक असल्याची खात्री झाल्यावर चांगल्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर आणि किंचित कडक स्प्रिंग घाला. बुश मात्र मूळ रबराचेच घ्यावेत, पॉलियुरेथेनचे नकोत. ते घट्ट असतात, परंतु वेळोवेळी ग्रीस दिले नाही तर कुरकुरतात आणि रोजच्या रस्त्यावर त्यांचा फायदा जाणवत नाही. बुश बदलताना विशबोनचे लांब बोल्ट गंजून नळीत अडकलेले सापडतील. त्यांना आधीच आठवडाभर रोज पेनिट्रेटिंग ऑइल देत राहा. बुशांचे बोल्ट शेवटी घट्ट आवळताना चाके जमिनीवर, गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. गाडी हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे.

टर्बोच्या किमतीत केवळ टर्बो येत नाही. मोठे इंजेक्टर, वेगळा नियंत्रण-संगणक, मजबूत क्लच आणि मोठा रेडिएटर हे सगळे त्याच्या पाठोपाठ येते, आणि पाच गिअरचा हा गिअरबॉक्स जास्त टॉर्कखाली कमकुवत ठरतो. 2,000 पौंडांत हे नीट होणार नाही, आणि अर्धवट केलेल्या टर्बोने चांगले इंजिन गेलेले मी पाहिले आहे. जवळपास फुकटात होणारी एक सुधारणा सांगतो: मूळ इग्निशन टायमिंग 10 अंशांवर आहे, ते अनेक जण 14 अंशांवर आणतात. बॉनेटखालच्या डायग्नोसिस पेटीतले टीईएन आणि जीएनडी हे दोन बिंदू तारेने जोडायचे, टायमिंग लाइट लावायचा आणि घाटमाथा यांनी सांगितलेला तोच सेन्सर किंचित फिरवायचा. पेडलाला प्रतिसाद लगेच जाणवतो, पण मग चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल घालणे आवश्यक आहे.

रानवारा (रेडिंग, इंग्लंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुट्टीत पन्हळ तपासली. उजवी नळी पूर्ण तुंबलेली होती आणि मोकळी केल्यावर तळातून काळा चिखल बाहेर आला. डावी बाजू खणखणीत वाजते, उजव्या सिलचा मागचा भाग बद्द वाजतो. टायर 2011 चे निघाले. सेन्सरभोवती तेल दिसते आहे आणि गिअरबॉक्सच्या सांध्याच्या वरचा भाग ओला आहे, म्हणजे ओ-रिंगच असावे. आता दोन प्रश्न उरले आहेत. उजव्या सिलचे वेल्डिंग मी स्वतः शिकून करावे का? आणि मागचे ब्रेक पॅड बदलताना पिस्टन क्लॅम्पने आत जातच नाही, त्याचे काय करावे?

लोहारआळी (लेस्टर, इंग्लंड)

वेल्डिंग व्यावसायिकाकडूनच करून घ्या. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसते त्या बिंदूच्या 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल तर गाडी एमओटीत (ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक वाहन-तपासणीत) नापास होते, आणि तुमचा सडका भाग नेमका तिथेच आहे. ठिगळ सलग शिवणीने वेल्ड केलेले असावे लागते. काम देताना स्पष्ट सांगा की आतला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून नवा बसवावा, केवळ बाहेरून आवरण चढवू नये, आणि बाहेरचा पत्रा बंद करण्यापूर्वी फोटो काढून द्यावेत. पोकळीत मेण मात्र तुम्ही स्वतः, वेल्डिंग पूर्ण गार झाल्यावर, लांब नळीच्या फवाऱ्याने भरा. तिथे घाई न करणारा हात हवा असतो. गाडीच्या जुन्या एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून विनामूल्य पाहता येतो. तिथे गंजाचा शेरा कोणत्या वर्षापासून येत आहे ते वाचा, म्हणजे किती खोल गेले असेल याचा अंदाज येईल. शॉकॲब्सॉर्बर किंवा स्प्रिंग बदललेत तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते. आणि पंपावर ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल) ऐवजी ई5 सुपर (5 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे, जास्त ऑक्टेनचे) घ्या. या वयाच्या इंधन-नळ्या ई10 साठी बनलेल्या नाहीत, शिवाय 14 अंशांच्या टायमिंगलाही तेच पेट्रोल लागेल.

मागच्या पिस्टनला क्लॅम्प लावून जोर करू नका, कारण आत हँडब्रेकचा स्क्रू आहे. कॅलिपरच्या मागच्या अंगाला एक बोल्ट आहे, तो काढला की आत 4 मिलिमीटरच्या ॲलन कीची जागा दिसेल. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की पिस्टन आपोआप मागे सरकतो. नवे पॅड बसवल्यावर त्याच किल्लीने पॅड डिस्कला टेकेपर्यंत पुढे आणा आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने मोकळे फिरते याची खात्री करूनच बोल्ट परत लावा.