पंधरा जणांची रग्बी सोडून द्यावी का? (आमच्या क्लबचा पावसाळा)

दोन_नंबरवाला:

नमस्कार मंडळी. आधी नावाचा खुलासा करतो, म्हणजे चेष्टा लवकर आटोपेल. रग्बीत हुकरच्या पाठीवर दोनचा आकडा असतो आणि मी हुकर आहे. हुकर म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघांचे पुढचे गडी वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, चेंडू पायाने मागे ओढणारा. बाकी माझा दोन नंबरचा काही धंदा नाही. पंप विकतो, जीएसटी भरतो.

पिंपरी-चिंचवडच्या कडेला आमचा एक लहानसा हौशी क्लब आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४१ जण. रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर अकरा. सगळ्यात थोरला मीच, वय ४३.

आमचा हंगाम जून ते सप्टेंबर. एरवी ते मैदान म्हणजे निव्वळ मुरूम, एकदा पडलं की गुडघ्याचं सालटं तिथंच ठेवून यायचं. पावसात चिखल होतो, क्रिकेटवाले घरी भजी खातात, आणि मैदान आमचं. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावरही रग्बी पावसाळ्यातच रंगते, त्यामुळे तिकडचे संघही याच दिवसांत मोकळे सापडतात.

गोलचे खांब यंदा प्रथमच स्वतःचे केले. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि आडवा दांडा जमिनीपासून ३ मीटरवर, असं माप फॅब्रिकेटरला कागदावर काढून दिलं. तो बराच वेळ कागद उलटसुलट करून म्हणाला, "साहेब, होर्डिंगचं काम मी बंद केलंय." खेळाचे खांब आहेत हे पटवायला मोबाइलवर सामना दाखवावा लागला. तो पाहून त्याने विचारलं, "हे भांडतायत कशावरून?"

सहा सामने खेळलो, दोन जिंकलो. पहिल्या तिघांबद्दल न बोललेलंच बरं. चौथा जिंकला, पण समोरचे आमच्याहून नवखे होते.

पाचवा मुंबईत. पहाटे चारला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. अठरा जणांनी 'येतो' म्हटलं होतं, चढले सतरा. अठरावा आमचा तिसरा प्रॉप (हुकरच्या बाजूला राहून जोर लावणारा गडी), त्याच्या बहिणीचा साखरपुडा निघाला. सतरा जणांच्या संघात पुढच्या फळीत खेळू शकणारे चार तरी लागतात. आमच्याकडे मोजून तीन: दोन प्रॉप आणि मधे मी. मैत्रीपूर्ण सामना म्हणून त्यांनी चालवून घेतलं. आमचे दोन्ही प्रॉप तालमीतले पैलवान आहेत, एक १०५ किलोचा, दुसरा जरा जास्त. (कान दोघांचेही आधीच मोडलेले, त्यामुळे स्क्रममध्ये कान सोलवटतील ही भीती नाही.) मध्यंतराला ५-१२ मागे होतो, पण स्क्रममध्ये त्यांना रेटत होतो. मग एका पैलवानाची बरगडी दुखावली. बदली प्रॉप नाही, म्हणून रेफरीने बिनजोराचे स्क्रम जाहीर केले. म्हणजे वाकायचं, एकमेकांना धरायचं, पण ढकलायचं नाही. ज्याने चेंडू टाकायचा त्यालाच तो मिळणार. आमच्या हातातलं एकमेव हत्यार तिथेच म्यान झालं. शेवट ५-३८. येताना खोपोलीला वडापाव खाताना कोणी कोणाशी बोललं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक पंचाईत असते, ती पुणेकरांना सांगायला नको. आमच्या मागच्या फळीतले तिघे ढोल-ताशा पथकात आहेत. संध्याकाळी पथकाचा सराव, आमचा सराव वाऱ्यावर. आले तरी खांदा ढोलाच्या पट्ट्याने सोललेला, टॅकल करायला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडायला, सांगितलं की चेहरा केविलवाणा.

सहावा सामना विसर्जनानंतरच्या रविवारी, घरच्या मैदानावर. हा मात्र मी म्हातारपणी नातवंडांना सांगणार आहे. १७-१५ ने पुढे होतो, दहा-बारा मिनिटं उरली होती. आमचा सहा नंबर मूळचा कबड्डीपटू. समोरचा विंगर बाजूच्या रेषेला लागून सुटला, आणि याच्या अंगातली कबड्डी जागी झाली. हात न लावता खांद्याने असा डॅश दिला की विंगर थेट चहावाल्याच्या बाकड्यापाशी. आमचे सगळे टाळ्या वाजवतायत, रेफरीने पिवळं कार्ड काढलं. हात न गुंडाळता टॅकल चालत नाही, हे त्याला मी जूनपासून सांगतोय. दहा मिनिटं चौदा जणांत काढली. शेवटी आमच्या ट्राय रेषेपासून पाच मीटरवर स्क्रम, चेंडू त्यांचा. त्यांना नुसता बाहेर काढून एक ट्राय टाकायचा होता, म्हणजे चेंडू आमच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा होता. पैलवान दोघंही शाबूत होते. डावीकडचा कानात पुटपुटला, "अण्णा, पाय तेवढा लांबवा." आम्ही अर्धा हात सरकलो, चेंडू माझ्या टाचेला लागला आणि आमच्याकडे आला. नऊ नंबरने तो मैदानाबाहेर लाथाडला. शिट्टी.

आता प्रश्न. त्याच संध्याकाळी चार पोरं माझ्याकडे आली. म्हणाली, पुढच्या वर्षीपासून फक्त सेव्हन्स खेळू. त्यांचं चूक नाही. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात-सात जणांची. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सेव्हन्स, ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्स. प्रमाणपत्र मिळायचं तर तिथेच. शिवाय सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि दहा-बारा जण जमले की संघ तयार. अकरा जण येणाऱ्या क्लबला अजून काय हवं?

पण सेव्हन्समध्ये तीन-तीन जणांचा स्क्रम असतो, तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. बाकी सगळी पळापळ. १०५ किलोच्या माणसाने तिथे काय करायचं? आणि माझ्यासारख्याने? स्वार्थ आहे, कबूल आहे.

कोणी असा क्लब चालवलाय का? पंधराचा हट्ट धरावा की सोडावा? अधलंमधलं काही जमतं का? पितृपक्षात नवीन काही ठरवू नये असं आई म्हणते, तेव्हा पंधरा दिवस विचाराला आहेत.

---

ब्रिस्टलचा_बंड्या:

अण्णा, शेवटचा स्क्रम वाचून इथे ऑफिसात मूठ आवळली.

मी मूळ सांगलीचा, अकरा वर्षं ब्रिस्टलला. इथल्या एका क्लबच्या तिसऱ्या संघात खेळतो. तिसरा संघ म्हणजे ज्यांना पहिले दोन घेत नाहीत ते सगळे. तुम्हाला वाटत असेल रग्बीच्या माहेरघरी माणसांची ददात नसेल. अहो, शुक्रवारी रात्री कॅप्टनचे जे फोन सुरू होतात ते लग्नाला माणसं जमवल्यासारखे. "येतोस ना? नुसता उभा राहा रे."

म्हणूनच इंग्लंडच्या रग्बी युनियनने खालच्या पातळीच्या सामन्यांसाठी 'गेम ऑन' नावाची सोय केली आहे. दोन्ही कॅप्टननी आधी बोलून ठरवायचं: किती जणांत खेळायचं (दहापर्यंत खाली येता येतं), किती मिनिटं, स्क्रम जोराचे की बिनजोराचे. माणसं कमी-जास्त असली तर उसनी द्यायची. मागच्या हिवाळ्यात आम्ही अकरा जण होतो, समोरच्यांनी दोन दिले. त्यातल्या एकाने आमच्याकडून ट्राय केला आणि मग स्वतःच्याच संघाची माफी मागत फिरला. आम्ही तरीही हरलो, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा पंधरा की सात हा प्रश्नच कशाला? बारा-बारा खेळा. पुढे पाच फॉरवर्ड ठेवा, पैलवान राहतील, तुम्हीही राहाल.

कबड्डीवाल्याला एक सांगा. इथे २०२३-२४ च्या हंगामापासून हौशी सामन्यांत टॅकल छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापेक्षा वर करता येत नाही. सुरुवातीला आमच्या सगळ्यांच्या शिट्ट्या वाजल्या. ज्याला वाकून कंबर-मांडी धरायची सवय, तो तरला. कबड्डीवाला मांडी आणि घोटा धरण्यात पटाईत असतो. त्याचं सोनं आहे, फक्त डॅश विसरायला लावा.

आणि सामन्यानंतर पाहुण्यांना जेवू घाला. इथे बटाट्याच्या फोडी आणि सॉसेज असतात, तुमच्याकडे मिसळ. पुढच्या वर्षी ते बोलावल्याशिवाय येतील.

---

लाल_माती_करवीर:

रग्बीतलं मला फार कळत नाही. पोरांना कुस्ती शिकवतो, त्यामुळे पैलवानांपुरतं बोलतो.

त्या दोघांना सोडू नका. गावोगावच्या जत्रांची मैदानं सुरू होतात दिवाळीनंतर, ती चैत्र-वैशाखापर्यंत चालतात. पावसाळ्यात पैलवान मेहनत करतो, खुराक खातो आणि जोडी शोधतो. तुमचा हंगाम नेमका तेव्हाच. ढोलवाल्यांसारखी ओढाताण यांची होणार नाही. उलट वस्तादांना भेटून रीतसर मागणी घाला, नारळ घेऊन जा. एकाचे चार मिळतील.

मात्र एक धोका. पैलवानाची मान मजबूत, पण सवय खाली ओढायची. समोरचा वाकलेला दिसला की हात आपोआप मानेवर जातो. तुमच्यात स्क्रम खाली बसवणं गुन्हा आहे असं मी यूट्यूबवर पाहिलं. आणि कोणाला उचलून आपटलं तर लाल कार्ड. कुस्तीत त्यालाच लोक फेटा बांधतात. त्यामुळे पोराला नुसतं 'करू नको' म्हणून भागत नाही, त्या जागी काय करायचं ते हजार वेळा करून घ्यावं लागतं.

---

आर्याची_आई:

मजेत लिहिलंय, पण मला दोन गोष्टी खटकल्या.

बरगडीला लागलं, मग पुढे काय केलं? सामन्याला डॉक्टर किंवा फिजिओ होता का? माझी मुलगी नाशिकला सेव्हन्स खेळते. गेल्या वर्षी तिचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं. दोन मिनिटांत उठून "मी ठीक आहे" म्हणाली, आणि तिथल्या एका दादांनी तिला खेळू दिलं. घरी येईपर्यंत तीनदा ओकली. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी खेळ बंद, एवढं तरी सगळ्यांना पाठ हवं.

दुसरं, ४१ जणांत एकही मुलगी नाही का? भारताचं कर्णधारपद भूषवलेली वहबीझ भरुचा पुण्याचीच. आणि पंधरा जणींच्या रग्बीत भारताच्या मुलींनी २०१९ मध्ये मनिलाला सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, हा त्यांचा पंधरातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. म्हणजे पंधराची रग्बी फक्त पैलवानांसाठी असते असं नाही हो.

---

जुनी_पानं:

अवांतर, पण राहवत नाही. माणसं जमेनात हे दुखणं भारतातल्या रग्बीइतकंच जुनं आहे.

कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात वीस-वीस जणांचा सामना झाला आणि लगेच पुढच्या वर्षी क्लब निघाला. तीन-चार वर्षं जोरात चालला. मग एक पलटण बदलून गेली, लोक पोलो-टेनिसकडे वळले, आणि मोफत दारू बंद झाल्यावर तर सभासदांचा उत्साहच आटला असं सांगतात. शेवटी त्यांनी बँकेतले शिल्लक चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्याचा चषक घडवून इंग्लंडच्या युनियनला दिला. नागाच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच कलकत्ता कपासाठी भांडतायत.

---

दोन_नंबरवाला:

सगळ्यांचे आभार.

जुनी_पानं, आमच्या खात्यात ११,६४० रुपये आहेत, तेही यूपीआयवर. वितळवायला काही नाही. दारू आम्ही पहिल्यापासूनच ठेवली नाही, त्यामुळे ती बंद करून सभासद घटवण्याची सोयही नाही.

आर्याची आई, तुम्ही बरोबर कान धरलात. पैलवानाला त्याच दिवशी मुंबईत एक्स-रेला नेलं होतं, हाड शाबूत होतं, तीन आठवडे बसवलं. पण मैदानावर फिजिओ नव्हता, बर्फाचा डबा आणि स्प्रे एवढंच होतं. क्लबातल्या एकाची बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "सहा सामन्यांत मला कोणी बोलावलंच नाही." आता पुढच्या वर्षी ती नसेल तर सामना नाही. मुलींबद्दल खरं सांगतो, आमच्याकडे कपडे बदलायला खोली नाही, म्हणून विषय कधी काढलाच नाही. म्हणजे खोली नाही हे कारण की बहाणा, ते मलाही सांगता येणार नाही.

करवीरकर वस्ताद, नारळ घेतलाय. रविवारी तालमीत जातोय.

बंड्या, बारा-बाराची कल्पना पोरांपुढे मांडली. दोघे तयार, एक म्हणतो बघू, चौथ्याने अंगठा पाठवलाय, त्याचा अर्थ तोच जाणे. मुंबईच्या संघाला फोन केला. त्यांचा कॅप्टन हसून म्हणाला, "आम्हालाही पंधरा कुठे मिळतात? गेल्या वेळी तीन उसने होते." ज्यांनी ३८ गुण चढवले त्यांतले तीन उसने होते, हे त्याने तेव्हा सांगितलं असतं तर खोपोलीचा वडापाव जरा गोड लागला असता. जूनचा दुसरा रविवार त्यांच्याशी नक्की केला आहे, बारा-बारा, जोराचे स्क्रम, इथेच. मिसळ आमची.

दरम्यान नवीनच भानगड. क्रिकेटवाल्यांना दसऱ्याआधी मैदान मोकळं हवंय, म्हणून खांब काढायचे आहेत. ते बघून शेजारच्या देवीच्या मंडळाने नवरात्रात कमानीसाठी मागितले. द्यायचे की नाही यावर ग्रुपवर मतदान ठेवलं. ४१ पैकी ४१ जणांनी मत दिलंय.