डीएस लाइटमधली जुनी आर-फोर: ठेवावी की फेकावी?

पिक्सेलपंत (धागाकर्ता)

कपाटातून निन्टेंडो डीएस लाइट हे जुनं हातातलं गेमयंत्र बाहेर निघालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ती जुनी आर-फोर फेकून दे, सरळ फोनवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाक. मला हे पटत नाही. डीएस लाइट चालू असेल तर त्या आर-फोरला आज पूर्वीपेक्षा चांगलं काम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आर-फोर म्हणजे २००७ च्या सुमारास आलेली, डीएसच्या वरच्या खाचेत बसणारी फ्लॅश कार्ट्रिज. तिच्यात मायक्रोएसडी कार्ड घालायचं आणि त्यावरच्या फायली डीएसवर चालवायच्या. डीएस लाइटला खालच्या बाजूला दुसरी खाच आहे, गेमबॉय अॅडव्हान्स या निन्टेंडोच्या आधीच्या यंत्राच्या कार्ट्रिजसाठी. २००८ च्या डीएसआय या पुढच्या आवृत्तीपासून ती काढून टाकली, म्हणून हा सगळा खटाटोप जुना डीएस किंवा डीएस लाइट असेल तरच.

आता मुद्दा. अॅडव्हान्सच्या काही कार्ट्रिजमध्ये सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) एका छोट्या एसरॅम चिपमध्ये राहतो आणि ती चिप एका बटणसेलवर जगते. या सेलची वयं आता विशीच्या आसपास आहेत. सेल मेला की सेव्ह गेला. बदलायला जावं तर जुना सेल काढताक्षणी चिप कोरी. उपाय असा: खालच्या खाचेत मूळ कार्ट्रिज, वर आर-फोर, आणि तिच्यावरून ‘जीबीए बॅकअप टूल’ नावाचा छोटा होमब्रू (हौशी लोकांनी लिहिलेला) प्रोग्राम. तो सेव्ह वाचून मायक्रोएसडीवर लिहितो. मग निवांत सेल बदला आणि सेव्ह परत चढवा. संगणकाला जोडायचं वेगळं यंत्र लागत नाही.

सगळ्याच कार्ट्रिजना याची गरज नाही. पोकेमॉन रूबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश चिपवर असतो, सेल फक्त घड्याळ चालवतो. तिथे सेल संपल्याचा संदेश पाहून लोक उगाच घाबरतात.

रोखठोक

पंत, वकिली छान केलीत. पण आर-फोर सेव्ह वाचवायला कोणी घेतली होती हो? त्या काळी दुकानदार कार्डात गेम भरूनच हातात देत. टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं फेब्रुवारी २००९ मध्ये हिच्या आयात-विक्रीवर बंदी घातली. जुलै २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातही विक्रेत्यांनी होमब्रूची ढाल पुढे केली होती. वैध वापर होऊ शकतो म्हणून ते उपकरण विकणं माफ होत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. तुम्ही पंधरा वर्षांनी तीच ढाल पुसून पुढे करताय.

पिक्सेलपंत

दोन्ही निकाल विकणाऱ्यांविरुद्ध होते. मी कार्ड विकत नाहीये, नवीन घ्याही म्हणत नाहीये. घरात पडलेल्या वस्तूचं काय करायचं एवढाच प्रश्न आहे.

कलमकायदा

दोघांनाही थोडं थोडं टोचतो.

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२(१)(कक) नुसार संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप घेता येतो. म्हणजे स्वतःच्या कार्ट्रिजचा बॅकअप घेणाऱ्याला चोर म्हणू नका, रोखठोक. पण पंत, ही सवलत तुमच्या प्रतीपुरती आहे. ‘माझ्याकडे कार्ट्रिज आहे, म्हणून कुठूनही फाइल उतरवली तरी चालते’ असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. कार्ट्रिज विकून बॅकअप ठेवला तर तुम्ही कायदेशीर धारकही उरत नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५क आलं: हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिथे सगळा भर हेतूवर आहे, आणि हेतू मायक्रोएसडीवरच्या फोल्डरात दिसतो.

तापकीरगल्ली

कायदा राहू द्या बाजूला. माझा विरोध साधा आहे: ज्या कार्डावर भरवसा नाही, त्यावर आपला एकुलता एक सेव्ह लिहायचा?

मूळ आर-फोर २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाही, एसडीएचसी (जास्त क्षमतेची नंतरची कार्डं) तर नाहीच. २ जीबीची मायक्रोएसडी आता सहज मिळत नाही आणि ऑनलाइन मिळते तिच्यात बनावट भरपूर. वर लिहिलेलं २ जीबी, आत भलतंच. आधी संगणकावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा प्रोग्राम चालवून पूर्ण कार्ड लिहून-वाचून तपासा, मग फॅट-१६ मध्ये फॉरमॅट करा.

दुसरं, तुमची आर-फोर खरी आहे का? मूळ आर-फोरवर ‘वुड’चं १.६२ फर्मवेअर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) चढतं आणि व्यवस्थित चालतं. नंतर त्याच नावानं निघालेल्या कित्येक नकलांच्या कर्नलमध्ये, म्हणजे अशाच कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तारखेची मेख मारलेली आहे. ठरलेला दिवस उलटला की कार्ड सुरूच होत नाही. लोक डीएसचं घड्याळ मागे नेऊन काम भागवतात किंवा दुसरा कर्नल टाकतात. ज्या सेव्हसाठी जीव टाकताय तो असल्या कार्डावर नको.

गेमबॉय आणि गेमबॉय कलरचं काय? ती कार्ट्रिज डीएस चालवतच नाही. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच सीआर-२०२५ सेलवर, त्यामुळे तिथली निकड जास्त. जीबीएक्सकार्टसारखं वाचनयंत्र यूएसबीला लावलं की गेमबॉय, कलर, अॅडव्हान्स तिन्ही वाचता येतात, आणि फाइल थेट संगणकावर येते. एकदाच पैसे घाला, मोकळे व्हा.

पिक्सेलपंत

कार्ड तपासण्याचा मुद्दा सोळा आणे. सेव्ह काढला की तो त्याच दिवशी संगणकावर उतरवायचा, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. पण अॅडव्हान्सच्या चार कार्ट्रिजसाठी परदेशातून वाचनयंत्र मागवायचं, वर कस्टम भरायचं, आणि शेजारी पडलेली आर-फोर कचऱ्यात टाकायची? हिशेब जुळत नाही.

न्यूजर्सीकर

मला हा सगळा वाद २००८ मधला वाटतो. फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेंडोच्या स्विच या यंत्राच्या ऑनलाइन वर्गणीत अॅडव्हान्सचे गेम मिळतात. बाकीच्यांसाठी एमजीबीए नावाचा एम्युलेटर आहे, फुकट आहे, हवा तिथे सेव्ह करता येतो आणि पडदा दिव्याखाली तिरका धरावा लागत नाही. जुन्या यंत्राचं एवढं कौतुक कशाला?

पिक्सेलपंत

पडदा तिरका धरायचा तो पहिल्या अॅडव्हान्सचा. डीएस लाइटला आतून उजेड आहे.

वर्गणी म्हणजे भाड्याची खोली. मालकानं सांगितलं की सामान उचलायचं. डीएसआयचं दुकान २०१७ मध्ये बंद झालं, थ्रीडीएसचं मार्च २०२३ मध्ये. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं अमेरिकेत पाहणी केली, तर जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात विकतच मिळत नाहीत असं निघालं. गेमबॉय कुटुंबाची अवस्था त्याहून वाईट. आणि एमजीबीएला खायला घालायची फाइल तुम्ही कुठून आणता, ते कलमकायदा साहेबांना जरा सांगा.

न्यूजर्सीकर

हा हा. पास.

रोखठोक

बरं, सेव्ह वाचवायला आर-फोर ठेवा. मान्य. मग त्या कार्डावरचा ‘गेम्स’ नावाचा फोल्डर आज उडवा. तेवढं केलंत तर मी गप्प बसतो.

पिक्सेलपंत

डीएसचे उडवतो. ‘मदर ३’ उडवणार नाही. २००६ ला फक्त जपानमध्ये आला, इंग्रजीत अधिकृतपणे कधीच आला नाही. २००८ मध्ये चाहत्यांनी भाषांतराचा पॅच (मूळ फाइलवर चढवायचा बदल) काढला. जपानी कार्ट्रिज माझ्याकडे आहे, तिचाच बॅकअप घेतला आणि पॅच लावला.

तापकीरगल्ली

थांबा. तो अॅडव्हान्सचा गेम. आर-फोर वरच्या खाचेतून अॅडव्हान्सचे गेम चालवत नाही.

पिक्सेलपंत

बरोबर. खालच्या खाचेत ईझी-फ्लॅशचं थ्री-इन-वन हे जोडकार्ड आहे. आर-फोरवरून गेम त्या जोडकार्डाच्या नॉर (वीज नसतानाही गेम टिकवणाऱ्या) चिपमध्ये लिहायचा. ३२ एमबीचा गेम आहे, चहा होईपर्यंत चालतं ते.

रोखठोक

म्हणजे परवानगी नसलेलं भाषांतर, मालकाला न विचारता केलेला फेरफार. बॅकअपची सवलत इथे कशी लागू होते?

कलमकायदा

त्या उपकलमात ‘प्रत किंवा रूपांतर’ असे शब्द आहेत, पण ज्या कामासाठी प्रोग्राम दिला गेला त्याच कामासाठी. खेळण्यासाठी दिलेला गेम समजेल अशा भाषेत खेळणं त्यात बसतं, असं म्हणता येईल. उलट बाजूनंही म्हणता येईल, कारण गेममध्ये निव्वळ कोड नसतो. संवाद, चित्रं, संगीत असतं, आणि त्यांचे हक्क वेगळे. शिवाय पॅच वाटणाऱ्याचा प्रश्न खेळणाऱ्यापेक्षा निराळा.

रोखठोक

म्हणजे फोल्डर राहिलाच.

तापकीरगल्ली

पंत, त्या थ्री-इन-वनमध्येही सेव्हसाठी सेलच आहे. शेवटचा कधी बदलला?