'फीलिंग' म्हणजे 'भावनाप्रधान' नव्हे: व्यक्तिमत्त्व चाचण्यांतले शब्द

प्रश्न:
लोअर परळच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना माणसांचे सोळा प्रकार पाडणारी मायर्स-ब्रिग्ज ही व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवायला दिली होती. आता भिवंडीच्या गोदामातल्या सहकाऱ्यांसाठी तिचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. निर्णय कसा घेता, या भागात 'थिंकिंग'साठी 'विचारप्रधान' आणि 'फीलिंग'साठी 'भावनाप्रधान' असं मी लिहिलं आहे. चालेल का? आणि 'जजिंग'ला 'न्यायी' म्हणावं का?

उत्तर:
'भावनाप्रधान' कृपा करून लिहू नका. निर्णयाचा विषय निघाला की हा शब्द मराठीत आरोपासारखा ऐकू येतो. 'भावनेच्या भरात सही केली', 'भावनेच्या आहारी जाऊ नकोस' असंच आपण बोलतो. पत्रकात ज्याच्या नावापुढे 'भावनाप्रधान' येईल, त्याच्याकडे खरेदीचं किंवा हिशेबाचं काम देताना साहेब दोनदा विचार करतील.

मूळ कल्पनेत हा कमीपणा नाहीच. स्विस मनोचिकित्सक कार्ल युंगने १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात थिंकिंग आणि फीलिंग या दोन्ही शक्ती त्याने विवेकाच्याच धरल्या. एक गोष्टीची संगती लावते, दुसरी तिचं मोल ठरवते. रडू फुटणं, संताप येणं हे त्याने वेगळं काढलं. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी युंगच्या विचारावरून प्रश्नावली बेतली, तीच तुमच्या हातातली चाचणी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. पण इथेही फीलिंगचा अर्थ आपल्याला काय मोलाचं वाटतं आणि कुणावर काय परिणाम होईल हे पाहून ठरवणं, असाच आहे.

दादर-परळकडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा डोळ्यांसमोर आणा. एक सभासद तीन बिल्डरांच्या ऑफर शेजारी शेजारी मांडतो: कार्पेट एरिया किती वाढतो, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, बँक गॅरंटी आहे की नाही. दुसरी सभासद विचारते, तळमजल्यावरच्या आजी एकट्या आहेत, इमारत उभी राहीपर्यंत त्या कुठे राहणार, त्यांचा दवाखाना जवळ असेल का, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांच्याशी आपण नीट बोललो का? ही बाई भावनेच्या भरात बोलत नाही. तिचाही हिशेबच चालू आहे, फक्त तिच्या वहीतले रकाने वेगळे आहेत. आणि हे प्रश्न वेळेवर विचारले नाहीत तर पुनर्विकास वर्षानुवर्षं कसा अडकतो, हे मुंबईकराला सांगायला नको.

आपल्याकडे यासाठी तयार बोलणं आहेच: 'बुद्धीला पटतंय, पण मनाला पटत नाही.' दोन्हीकडे क्रियापद एकच, पटणं. त्यामुळे कुणी वरचा-खालचा ठरत नाही. 'आधी बुद्धीला पटावं लागतं' आणि 'आधी मनाला पटावं लागतं' असं सरळ लिहा. नामच हवं असेल तर 'तर्काचा कल' आणि 'मूल्यांचा कल'.

'जजिंग'चा न्यायाशी संबंध नाही, नावं ठेवण्याशीही नाही. काही माणसं एकदाचं ठरवून टाकतात, काही 'बघू' म्हणत वाट मोकळी ठेवतात. 'ठरवून टाकणारे' आणि 'बघू म्हणणारे', बस.

आणखी एक प्रतिसाद:
'कल' शब्दाला माझंही अनुमोदन. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली, त्यामुळे तो घराघरांत माहीत आहे. पण मग पत्रकात 'प्रकार' का ठेवायचा? बहुतेकांचे गुण मधल्या पट्ट्यातच पडतात. मध्यरेषेच्या जराशा अलीकडचा आणि जराशा पलीकडचा यांना दोन प्रकारांत घालणं अन्यायाचं आहे. त्यातल्या कित्येकांचा प्रकार पुन्हा चाचणी दिली की बदलतो.

आणखी एक तक्रार. स्कॉट आणि ब्रूस या संशोधकांनी १९९५ साली निर्णयशैलीच्या पाच तऱ्हा मांडल्या: तर्काने, अंतःप्रेरणेने, इतरांच्या सल्ल्याने, टाळत राहून आणि तडकाफडकी. यातल्या तिसऱ्या तऱ्हेला मराठीत 'परावलंबी' म्हटलेलं मला सहन होत नाही. 'घरी विचारून सांगते' म्हणणारी बाई परावलंबी कशी? ज्यांच्या आयुष्यावर त्या निर्णयाचा परिणाम होणार, त्यांना ती विचारते आहे. 'विचारून-सवरून ठरवणारे' म्हणा. टाळणाऱ्यांसाठी मात्र 'चालढकल करणारे' चपखल आहे, तिथे दोष खराच आहे.

उत्तर:
'परावलंबी'बद्दल शंभर टक्के सहमत. 'प्रकार'ही काढाच. 'चाचणी'चंही पाहा. या मायलेकींच्या प्रश्नावलीच्या नावात 'इंडिकेटर' आहे, म्हणजे दर्शक. चाचणी म्हटली की पास-नापास आलं. 'स्वभावदर्शक प्रश्नावली' लिहिलं तर ती भीती जाते. ही प्रश्नावली नोकरभरतीसाठी वापरू नये, असं ती चालवणारी मंडळी स्वतः सांगतात. ते वाक्य पत्रकात वरच, ठळक अक्षरांत घाला.

मसुदा झाला की गोदामातल्या दोघा-चौघांना दोन्ही वर्णनं वाचून दाखवा आणि विचारा: पाळीवरून भांडण झालं तर यातल्या कुणाला पंच नेमाल? सगळ्यांनी एकाच वर्णनाकडे बोट दाखवलं, तर दुसऱ्याचे शब्द पुन्हा बघा.