किनाऱ्यावरून डायव्हिंगचं प्लॅनिंग: गाईडबुक घ्यावं की वेबसाईटवर भागतं?

बुडबुडे३२

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून विचारतेय. माझ्या आतापर्यंत ३२ डाइव्ह झाल्यात, ॲडव्हान्स्ड कोर्सही झालाय, पण जवळजवळ सगळ्या बोटीवरून आणि पुढे गाईड असताना, म्हणजे कुठे उतरायचं, कुठून मागे फिरायचं हे आपण ठरवायची वेळच कधी आली नाही. आता मी आणि माझी धाकटी बहीण (तिच्या माझ्यापेक्षा जास्त झाल्यात, पन्नासच्या वर) आठवडाभर फक्त शोअर डाइव्ह करायच्या असं ठरवतोय, गाईड न घेता, टँक भाड्याने घ्यायचे, गाडीत टाकायचे आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. दोन-तीन जागा मनात आहेत, नक्की काही नाही.

अडचण अशी की माहितीचा पार गोंधळ उडालाय. लायब्ररीतून एक गाईडबुक आणलं, २००९ ची आवृत्ती, त्यात एका स्पॉटची खोली १२ मीटर लिहिलीय. वेबसाईटवर त्याच स्पॉटला १८. दुसऱ्या वेबसाईटवरही १८ दिसल्यावर मला बरं वाटलं, चला दोघं एकच सांगतायत, पण नीट वाचलं तर अख्खा परिच्छेद शब्दन् शब्द तोच निघाला. मग त्याला दुसरा पुरावा कसं म्हणायचं? आणि सगळीकडे "एन्ट्री सोपी" एवढंच. कोणासाठी सोपी, कुठल्या वाऱ्यात, त्याबद्दल अक्षर नाही.

बहीण म्हणते पुस्तक ठेव बाजूला, सगळं फोनवर मिळतं. मला मात्र पुस्तकातले नकाशे सोडवत नाहीत. नवीन आवृत्ती विकत घेऊ का? आणि तुम्ही लोक पाण्यात उतरायच्या आधी नेमकं काय काय बघता?

खडकाळ_किनारा

गाईडशिवाय ठरवताय हे वाचून छान वाटलं, आपलं आपण ठरवून केलेली डाइव्ह वेगळीच लक्षात राहते.

पुस्तक की वेबसाईट हे मी सरसकट ठरवत नाही, कुठली गोष्ट किती लवकर बदलते ते बघतो. खडकाची ठेवण, भिंत कुठे सुरू होते, वाळूची वाट कुठल्या अंगाला आहे, हे सहसा वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि हे सांगायला चांगल्या पुस्तकासारखं दुसरं काही नाही, कारण लिहिणारा त्याच पाण्यात परत परत उतरलेला असतो आणि त्याने हाताने नकाशा काढलेला असतो. बाली बेटावरच्या तुलांबेनचं लिबर्टी जहाज घे. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागल्यावर ते किनाऱ्याला आणून टेकवलं, तिथेच ते वीस वर्षं पडून होतं, मग १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ढकललं जाऊन पाण्यात गेलं, म्हणून आज काठावरून चालत जाऊन ते बघता येतं. सव्वाशे मीटर लांबीचं जहाज, कुशीवर पडलेलं, किनाऱ्याला समांतर, उथळ भाग ५ मीटरवर आणि खोल भाग ३० च्या आसपास. आता हे डोळ्यासमोर आणायला नकाशाच लागतो, "अप्रतिम! खूप मासे!" अशा चार ओळींच्या रिव्ह्यूतून काही कळत नाही. आधी नकाशा बघून गेलं तर कुठल्या टोकापासून सुरुवात करायची आणि हवा किती उरली की वळायचं हे कोरड्या जमिनीवर बसून ठरवता येतं.

तुझ्या १२ आणि १८ चं म्हणशील तर दोन्ही बरोबर असू शकतात. एकाने रीफचा, म्हणजे पाण्याखालच्या खडकाचा, वरचा काठ धरला असेल, दुसऱ्याने पायथा. शिवाय सागरी चार्टवर आकडा असतो तो साधारणपणे अगदी खालच्या ओहोटीचा, तर डायव्हर लिहितो तो त्या दिवशी त्या वेळी मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने दाखवलेला. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असलेल्या ठिकाणी एवढ्यानेच आकडा बदलतो. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत बघ, खोली कशी मोजलीय ते बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं आणि आपण ती पानं उलटून थेट स्पॉटवर जातो. आणि जुन्या पुस्तकात फूट आहेत की मीटर तेही बघ, ६० फूट म्हणजे १८ मीटर.

निळं_खोल

वर खडकाळ_किनारा यांनी लिहिलंय त्यातलं बरंचसं पटतं, पण "वर्षानुवर्षं तसंच राहतं" यावर मी फार विसंबणार नाही. माल्टातल्या गोझो बेटावर ड्वेयराला समुद्रात ती प्रसिद्ध दगडी कमान होती, ॲझ्युअर विंडो, शेजारच्या ब्लू होलमध्ये (काठालगतचा खोल खड्डा) शोअर डाइव्ह करणारे लोक ती बघतच पाण्यात जायचे. ८ मार्च २०१७ ला वादळात ती पूर्ण कोसळली. तोपर्यंत छापलेल्या पुस्तकांत ती उभीच आहे आणि राहणार. आता तिथे पाण्याखाली प्रचंड शिळांचा ढीग आहे आणि लोक तिथेही डाइव्ह करतात, पण हे कुठून कळणार, नंतरच्याच माहितीतून ना. आणि ही झाली जगाला माहीत असलेली गोष्ट. किनाऱ्यावरची एखादी पायरी वाहून गेली, गेटला कुलूप लागलं, गाडी लावायची जागा बंद झाली, हे बातमीत येत नाही पण शोअर डाइव्हचा सगळा दिवस त्यावर अवलंबून असतो.

कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाचं सॉल्ट पिअर बघा, खूप गाजलेला स्पॉट आहे, रस्त्याकडेला बाकीच्या स्पॉटसारखी जागा आहे, पण धक्क्याला मीठ भरायला जहाज लागलं असेल तर तिथे उतरायचं नाही. हे कुठलं पुस्तक सांगणार, आज जहाज आहे की नाही? पुस्तक फार तर सांगेल की आधी विचारून घ्या.

पण वेबसाईटसुद्धा कायम राहते असं नाही बरं का. लाटांच्या अंदाजासाठी मी वर्षानुवर्षं मॅजिकसीवीड वापरायचो, २०२३ मध्ये ती बंद करून सर्फलाईनमध्ये मिसळली. माझे सगळे सेव्ह केलेले स्पॉट परत शोधायला लागले. तेव्हापासून महत्त्वाचं काही दिसलं की मी वहीत उतरवतोच.

रिव्ह्यू वाचताना मी दोन गोष्टी बघतो. एक, तारीख. ज्यावर तारीख नाही ते मी मोजतच नाही, मग कितीही छान लिहिलेलं असो. आणि आपण ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले रिपोर्ट, कारण शांत ऋतूत तलावासारखं असलेलं पाणी सहा महिन्यांनी ओळखू येत नाही. दुसरं, वाईट रिपोर्ट आधी वाचतो. "उतरलो नाही, परत आलो" असं लिहिणारा माणूस का परतला हे सांगतो आणि ते मला पंचवीस कौतुकांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

सावकाश_श्वास

ताई, तू "एन्ट्री सोपी" बद्दल लिहिलंस त्यावर मला जरा कळकळीने सांगायचंय. एन्ट्री सोपी आणि डाइव्ह सोपी या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुस्तकं काय, वेबसाईट काय, दोन्हीकडे त्या एकाच शब्दात गुंडाळतात. इजिप्तमधल्या दहाबचं ब्लू होल अगदी काठाला लागून आहे, किनाऱ्यावरून दोन पावलं आणि तुम्ही पाण्यात. पण त्याच पाण्याखाली जी कमान आहे तिचं छत ५५ मीटरच्या आसपास आहे, आणि पाणी इतकं स्वच्छ की ती जवळ वाटते. हौशी डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर. तिथे कितीतरी जीव गेलेत, काठावर त्यांच्या नावाच्या पाट्या लावल्यात. त्याच जागी एक सुंदर आणि आवाक्यातली डाइव्हसुद्धा आहे, बेल्स नावाच्या खडकातल्या फटीतून उतरायचं, भिंत एका बाजूला ठेवून जायचं आणि ६-७ मीटर खोलीच्या उंबऱ्यावरून ब्लू होलमध्ये यायचं (तरी बेल्समधून बाहेर पडेपर्यंत २५ मीटरच्या पुढे जाता, हे धरून चाला). म्हणजे जागा एकच, मार्ग कुठला घेता त्यावर सगळं.

म्हणून वाचताना स्वतःला विचार, लिहिणाऱ्याने एन्ट्रीचं सांगितलंय, मार्गाचं सांगितलंय, की बाहेर पडण्याचं? बाहेर पडण्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. जाताना अंगात जोर असतो, टँक भरलेला असतो, येताना पाय थकलेले, लाट मागून येतेय आणि गुळगुळीत गोट्यांवर उभं राहायचंय. माझा गुडघा असाच दुखावला होता, एन्ट्रीचं वर्णन तोंडपाठ करून गेले होते आणि बाहेर यायच्या जागेचा विचारच केला नव्हता.

बुडबुडे३२

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. बहिणीला वाचून दाखवलं, तीही गप्प झाली दोन मिनिटं.

अजून एक विचारू का, भरतीच्या वेळा आणि लाटांच्या साईट मी बघते पण लाट १ मीटर म्हणजे चालेल की नाही हे काही कळत नाही. आणि भरतीची वेळ पाळली की झालं ना?

उधाण

नाही, तेवढ्याने होत नाही, म्हणूनच लिहायला बसलो.

भरतीचं आधी. भरतीच्या तक्त्यात वेळ असते ती पाणी सगळ्यात उंच होण्याची. मोकळ्या किनाऱ्यावर ती साधारण चालून जाते, पण खाडीच्या तोंडाशी किंवा अरुंद वाटेत पाणी थांबायची वेळ तीच असेल असं नाही, पुढे-मागे असते, आणि तक्ता कुठल्या बंदराचा आहे त्यावरही फरक पडतो. फ्लोरिडातला ब्लू हेरॉन ब्रिज उथळ आहे, लहान लहान जीव बघायला लोक तासन् तास पाण्यात असतात, पण ते सगळं भरतीचं पाणी थांबायच्या आसपासच, एरवी प्रवाह उभं राहू देत नाही. अशा जागेसाठी भरतीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची हे तिथे नेहमी उतरणाऱ्याने लिहिलेलं असतं, जुन्या पुस्तकातसुद्धा सापडतं, आणि तो फरक सहसा लवकर बदलत नाही. रोजची वेळ वेबसाईटवरून, फरक पुस्तकातून.

पाणी सहा तास एका वेगाने चढत नाही हेही लक्षात ठेव. बारा भाग कर, पहिल्या तासात १, मग २, मग ३, ३, २, १. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा हे अजून जोरात, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा कमी. आठवड्याचे दिवस तुझ्या हातात असतील तर प्रवाहाच्या जागा भांगाच्या दिवसांत टाक.

आता लाट. साईटवर दिसते ती उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही येते. आणि उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, तो लोक बघतच नाहीत. १ मीटर ६ सेकंद आणि १ मीटर १२ सेकंद ही दोन वेगळी पाणी आहेत. खोल समुद्रात ६ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण ५६ मीटर, १२ सेकंदांची २२५. लाटेचा हेलकावा तिच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत खाली पोचतो, म्हणजे पहिलीचा २८ मीटरला संपत येतो, दुसरीचा १०० च्या पुढे. १५ मीटरवर तळाशी मागे-पुढे ढकललं जातं, वाळू उठते, काही दिसत नाही, ते बहुतेक वेळा त्या लांब लाटेमुळे. आणि ती किनाऱ्याला लागताना उभी राहते, अंदाजात वाचली त्यापेक्षा मोठी होऊन.

शेवटी काठावर उभं राहून वीस मिनिटं तरी बघायचं, घड्याळ लावून. लाटा गटाने येतात, दोन गटांच्या मध्ये शांत असतं, पाच मिनिटं बघणाऱ्याला तेवढंच दिसतं.

खडकाळ_किनारा

उधाण यांनी लिहिलंय ते मी प्रिंट काढून किटमध्ये ठेवणार आहे.

एक राहिलं होतं, गूगल अर्थवर जुन्या तारखांची सॅटेलाईट चित्रं बघता येतात. एकाच किनाऱ्याची चार-पाच वर्षांतली चित्रं लावून बघ, पांढरा फेस कुठे कायम दिसतो आणि कुठे गडद पट्टा मोकळा राहतो ते कळतं. मग पुस्तकातला नकाशा शेजारी ठेव, दोन्ही जुळले तर कंपासची दिशा काढून स्लेटवर (पाण्याखाली लिहायची पाटी) लिही, जायची आणि यायची दोन्ही. जुळले नाहीत तर त्या दिवशी फक्त स्नॉर्केल घालून वरून बघून यायचं, टँक गाडीतच.

बुडबुडे३२

आत्ताच पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडली. खोली रीफच्या वरच्या काठाची दिलीय असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे १२ बरोबर होतं आणि १८ पायथा असणार. पुढची आवृत्ती निघालीय का बघते, नसेल तर हीच घेते, नकाशांसाठी. बहीण पिरियडचे आकडे आजपासून रोज वहीत उतरवतेय, निघायला अजून सात आठवडे आहेत.