हळदीचा पिवळा, मांडवाचा लाल आणि चेहऱ्याचा खरा रंग: पोर्ट्रेटचे अनुभव लिहा

तापीकाठ
आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आवराआवरीत घरातला जुना अल्बम निघाला. आधीची पानं कृष्णधवल, खिडकीच्या उजेडातली, सावळ्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ जागेवर. शेवटची पानं रंगीत, लग्नातली. कोणी केशरी, कोणी जांभळट. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून धागा काढला.

सुरुवात हळदीपासून करतो. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ती सोय) बंद. फ्रेममध्ये पिवळं वाढलं की कॅमेरा ते काढायला निळं ओततो, मग हळद फिकी आणि ओठ जांभळे. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, तो हातानं ठेवायचा: उघड्या अंगणात ५२०० ते ५५००, निंबाच्या सावलीत ६५०० ते ७००० आणि कार्यक्रम संपेपर्यंत आकडा हलवायचा नाही. हळद लागायच्या आधी १८ टक्के ग्रे कार्डाची (नंतर रंग जुळवायला वापरतात त्या करड्या कार्डाची) एक फ्रेम घ्या. कार्ड नवरीच्या गालाशेजारी हवं, तिच्यावर पडतो त्याच उजेडात. कार्ड उन्हात आणि नवरी सावलीत असेल तर ती फ्रेम फुकट.

मांडवात काय करता ते लिहा. फोटो धारदार का येत नाहीत तेही.

केळीबाग_रावेर
लाल-गुलाबी कापडाचा मांडव म्हणजे वरचा सगळा उजेड लाल, आणि कडेनं येतो तो आभाळाचा, निळसर. एका गालाला एक रंग, दुसऱ्याला दुसरा. हे व्हाइट बॅलन्सनं निघत नाही, कारण एक सुधारला की दुसरा बिघडतो. जोडप्याला मांडवाच्या कडेला आणा, आत ३-४ फूट, तोंड बाहेर. समोरून एकच उजेड मिळतो.

केळीच्या बागेत फोटो हवाच असतो सगळ्यांना. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली बसतो, माणूस आजारी दिसतो. बागेच्या आत नका नेऊ, बांधावर उभं करा, बाग मागे राहू द्या. पांढरं थर्मोकोल, २×३ फूट, कमरेच्या उंचीवर आडवं धरलं की हिरवं बरंच मरतं. सोनेरी रिफ्लेक्टर आपल्या कातडीला नकोच. ती मुळात उबदार, सोनेरी टाकला की भाजल्यासारखी दिसते.

यावलकर
थर्मोकोल नसेल तर धुतलेलं पांढरं धोतर. नीळ दिलेलं नको, गालावर थंड झाक येते.

डोळ्यावर_फोकस
धारदारपणावर लिहितो, जरा लांब होईल.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, माणूस २ मीटरवर. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तर तोंड मोठं. एफ/१.८ ला स्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढं धारदार दिसतं ते अंतर) सुमारे ६ सेंमी. एफ/४ ला सुमारे १३. म्हणजे १.८ ला जवळचा डोळा धरला तर वळवलेल्या चेहऱ्याचा दुसरा डोळाही सुटू शकतो. एकटा माणूस २.८ ते ४, जोडपं ४ ते ५.६, आणि दोघांचे चेहरे सेन्सरला समांतर.

मधल्या फोकस पॉइंटनं फोकस लॉक करून कॅमेरा वळवायची सवय सोडा. २ मीटरवर १५ अंश वळवलं तरी फोकसची पातळी डोळ्याच्या मागे ६-७ सेंमी जाते. १.८ ला तेवढ्यात डोळा गेला. पॉइंटच डोळ्यावर न्या.

लग्नात खरी अडचण मुंडावळ्यांची. त्या लोंबतात चेहऱ्यापुढे, चमकतात, ऑटोफोकस त्यांनाच धरतो. नथीचंही तसंच. एक लहान पॉइंट, जवळचा डोळा आणि मुंडावळ्या थोड्या कानामागे सारायला सांगायच्या. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, माणूस श्वास घेतो, हसतो, डोलतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. दाणे कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही.

डीएसएलआर असेल आणि फोकस कायम नाकावर किंवा कानावर पडत असेल तर हाताचा दोष नसतो. लेन्स-बॉडीचं फोकस फाइन-ट्यून करा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मेनूतून फोकस पुढेमागे जुळवा. ट्रायपॉड लावून, साधारण फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट अंतरावरून. ८५ ला म्हणजे २ ते ४ मीटर.

पारोळा रोड
@डोळ्यावर_फोकस भाऊ, हाई बराबर शे. आमनाकडे बी मुंडावळ्यासनाच तरास.

शहादा_सकाळ
मे महिन्यातलं कोणी लिहिलं नाही अजून. दुपारी २०० मिमीनं नांगरलेल्या शेतापलीकडून, डांबरी रस्त्यावरून फोटो काढला तर तो मऊच येणार. तापलेली हवा लाटेसारखी हलते, लेन्स कितीही महाग असो. अंतर कमी करा, ८५ लावून ३ मीटरवर या. नाहीतर सकाळी ९ च्या आत उरका.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उलट, डिसेंबर आणि धूळ. तिथे लेन्स बदलूच नका. घोडामालकांचे फेटे न् चेहरे मात्र काय सुंदर! कोणी जाणार का यंदा?

केळीबाग_रावेर
जाणार. पहाटे पोहोचायचं असेल तर आदल्या रात्री शहाद्याला मुक्काम बरा. जेवायला कळण्याची भाकरी मिळाली तर कळवा.

सौभाग्यवती_मेकअप
मेकअपच्या बाजूनं सांगते. एसपीएफवाल्या फाउंडेशनमध्ये बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, सिलिका पावडरही वरून मारतात. समोरून थेट फ्लॅश पडला की चेहरा पांढराफटक, मान सावळी. स्टेजवर जायच्या आधी एकदा फ्लॅश मारून बघा, तेव्हाच सुधारता येतं. आणि फाउंडेशनची शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला जुळवायची, मानेशी.

घामाची चमक पावडरीचे थर देऊन झाकू नका, थर फुटतात आणि धारदार फोटोत भेगा दिसतात. टिश्यू दाबायचा, घासायचा नाही, मग हलकी पावडर.

तापीकाठ
ताई, हे फारच कामाचं. पोलरायझर फिल्टरनंही चमक कमी होते, पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). पूर्ण फिरवला तर कातडी निर्जीव दिसते, अर्ध्यावर ठेवा.

धाब्याचं_घर
बाऊन्स फ्लॅशबद्दल, म्हणजे छताकडे किंवा भिंतीकडे मारून परतवलेल्या उजेडाबद्दल. जुन्या धाब्याच्या घरात वर लाकूड आणि माती, तिथे वर फ्लॅश मारला की उजेड तपकिरी होऊन परततो. पोपटी किंवा निळ्या भिंतीकडे मारला तर तो रंग गालावर. पांढरी चादर दोघांना धरायला लावून तिच्यावर मारा. किंवा ६०×९० चा सॉफ्टबॉक्स, चेहऱ्यापासून साधारण १ मीटर, डोळ्यांच्या थोडा वर. लांब नेला की उजेड कडक होतो.

हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर फ्लॅशला केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून कॅमेरा ३२०० ते ३८०० केल्विनवर. तसं नाही केलं तर चेहरा पांढरा आणि मागचं सगळं नारिंगी.

मोबाईलवाली
कॅमेरा नाही माझ्याकडे. मोबाईलवर काय करू?

डोळ्यावर_फोकस
ताई, आधी लेन्स सुती कापडानं पुसा, अर्धा मऊपणा बोटांच्या तेलाचा असतो. ब्युटी मोड शून्यावर. माणसाला दाराशी उभं करा, तोंड बाहेर, ऊन अंगावर नको. २एक्स लावून पाच-सहा फुटांवरून, जवळून १एक्सनं नाक मोठं दिसतं. डोळ्यावर बोट दाबून लॉक करा, मग उजेड किंचित खाली ओढा.

एलईडी_त्रस्त
हॉलमधल्या स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असतो, सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ८० च्या आसपास. कातडी राखट-हिरवट येते आणि जो लाल आलाच नाही तो नंतर टाकता येत नाही. ९५ सीआरआयचा एक लहान दिवा सोबत ठेवा. पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१००, आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. इलेक्ट्रॉनिक शटर बंद. १/१०० ला हलतं म्हणाल, तर मुख्य उजेड फ्लॅशचा घ्या.

सातपुडा_पायथा
सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला उजेड आगीचा, २००० केल्विनच्या जवळ. तो पूर्ण पांढरा करू नका, ती रात्र जाते. ३००० ला ठेवा. अंगावर पांढरे ठिपके काढलेले असतात, फोकस ठिपक्यावर चिकटतो, डोळा सुटतो. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉट, म्हणजे फक्त लहानशा भागाचं, गालावर.

मीटरचं थोडं अजून. चेहऱ्यानं फ्रेम भरली की मीटर सावळ्या माणसाला १८ टक्के करड्यापर्यंत उजळवतो, म्हणून एक्स्पोजर −०.७ स्टॉप. पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले बाबा असतील तर उलट, +०.७ ते +१, नाहीतर चेहरा काळा. आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आरजीबीचा, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा बघा. कातडीत लाल चॅनल आधी फुटतो (मर्यादेबाहेर जाऊन तपशील जातो), साध्या हिस्टोग्रामात ते दिसत नाही.

अल्बम_१२×३६
सगळं नीट काढून शेवटी ‘जरा गोरं करा’ म्हणतात. करू नका हो. पूर्वी रंगीत फिल्मच्या लॅबमध्ये रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ असायचं, त्यावर बहुतेक गोऱ्या बाईचाच फोटो. सावळ्या माणसांचा रंग तेव्हापासून मागे पडला. आता हातात स्लायडर आहे तर आपणच तो पुसायचा का? कातडी उजळ नाही, स्वच्छ हवी. एडिटिंगमध्ये ऑरेंज ल्युमिनन्स (केशरी रंगाचा उजळपणा) +५ ते +१०, सॅच्युरेशन −५, बास. डाग काढा, तीळ ठेवा, रंध्रं ठेवा.

आकड्यांनी तपासायचं तर सीएमवायकेमध्ये (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या शाईच्या आकड्यांत) पिवळा मॅजेंटापेक्षा १० ते २० टक्के जास्त. मॅजेंटा वर गेला तर चेहरा सुजल्यासारखा गुलाबी. सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आसपास, सावळ्या रंगात आणखी वर.

शार्पनिंग ४०, रेडियस १, मास्किंग ६० ते ८०, म्हणजे पापण्या आणि केस धारदार होतात, गाल नाही. लॅबला एसआरजीबी रंगप्रोफाइलची फाइल द्या, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), १२×३६ इंचाच्या पानाला ३६००×१०८०० पिक्सेल. अ‍ॅडोबी आरजीबी फाइल गेली आणि लॅबनं प्रोफाइल वाचलं नाही की सगळे चेहरे मातकट.

सौभाग्यवती_मेकअप
तीळ ठेवा हे फार आवडलं.

यावलकर
ग्रे कार्ड नसेल तर?

तापीकाठ
तळहात. उजेडासाठी फक्त, रंगासाठी नाही. नवरीच्याच उजेडात धरून स्पॉट मीटर लावा आणि +१ द्या, कारण बहुतेकांचा तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ. मेंदी लागलेला नको.