अनुभव धागा: ‘बायल्या’ हा शब्द तुमच्या वाट्याला कसा आला?

परवा माझा ९ वर्षांचा भाचा शाळेतून रडत आला. गॅदरिंगच्या लावणीत नाव दिलं म्हणून वर्गातली पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणाली. मेव्हणे म्हणाले, "मग नाव काढून घे." ताई ओट्यापाशी उभी होती. ज्या शिवीत बाई आहे ती शिवी तिलाही लागते, हे त्या घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी समलिंगी आहे, वय ४१, पुणे. बोलताना माझे हात फार हलतात. लहानपणी जेवताना वडील ताटावरून नजर न उचलता म्हणायचे, "हात." एवढंच. मी डावा हात मांडीखाली दाबून जेवायला शिकलो. आजही ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो हात आपोआप मांडीखाली जातो, मुंग्या आल्या की कळतं.

आमच्यासारख्यांचा लोकांना जो राग येतो, तो बराचसा पुरुषाने बाईसारखं झाल्याचा राग असतो असं मला वाटत आलंय. बाईला आधी खालची ठरवायचं, मग तिच्यासारखं वागणारा घसरलाच. तुमचं काय? लिहा. नाव नको, वय आणि गाव पुरे. ज्यांनी हा शब्द दुसऱ्याला मारलाय, त्यांनीही लिहा.

वय ५४, गडहिंग्लजजवळचं खेडं (मामा सांगतोय, मी भाची टाइप करतेय)

मी यल्लमाचा जोगता, म्हंजी देवीला वाहिलेला. केसांत जट आली, ती देवीचं बोलावणं मानत्यात, तवा मी १७ वर्सांचा. सौंदत्तीला नेऊन गळ्यात दर्शन, म्हंजी देवीच्या मण्यांची माळ, बांधलं, लुगडं नेसवलं. तवापासनं मंगळवार-शुक्रवार परडी घिऊन जोगवा मागतो. बाया मनापासनं पाया पडत्यात. गडीमाणसं डोक्यावरल्या जगाला, म्हंजी देवीच्या टोपलीला, हात जोडत्यात आन् मी पाठ वळवली की शिट्टी मारत्यात. त्येची सवय झाली.

सांगायचं ते येगळंच. वाटणी निघाली तवा थोरला म्हनला, तू आता देवीचा, तुला रान कशाला? दोन बहिणींकडनं हक्कसोड करून घेतलं, त्याच कागदावर माझा अंगठा. बहिणींना एकेक साडी दिली. मलाबी साडीच दिली. हिरवी हुती.

वय २९, नागपूर

मी शब्द मारणाऱ्यांतला. स्वतः गे आहे, तरीही. डेटिंग अ‍ॅपवर माझ्या प्रोफाइलमध्ये चार वर्षं एकच ओळ होती: ‘फक्त मर्दानी. बायकी मुलांनी मेसेज करू नये.’ दाढी, जिम, भारदस्त आवाज. मला वाटायचं ही माझी आवड आहे, आवडीला काय इलाज? खरं म्हणजे तशा मुलासोबत सीताबर्डीत कुणी पाहिलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं, ही भीती होती.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला मोकळं केलं, तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत दार लावून रडलो. त्याच रात्री काजळ घातलेल्या एका मुलाने नुसतं ‘अभिनंदन भावा’ लिहिलं आणि मी त्याला ब्लॉक केलं. हे मला फार लागतं. मी खोलीत दडून होतो तेव्हा लिपस्टिक लावून रस्त्यावर मार खाणारी तीच पोरं होती. त्यांना लपता येत नव्हतं, म्हणून आपण सगळे लोकांना दिसलो. ती ओळ मी काढलीय. तो मुलगा मात्र सापडत नाही.

वय ३३, नाशिक

माझी बाजू उलटी आहे. मी ट्रान्स पुरुष. मुलगी म्हणून वाढलो तेव्हा शर्ट-पँट, क्रिकेट, ट्रॅक्टर, सगळ्याचं कौतुक. "ही पोरगी नाय, माझा पोरगाच आहे," असं आप्पा पाहुण्यांना सांगायचे. म्हणजे मुलगी वर चढली तर चालतं! सोळाव्या वर्षी स्थळं यायला लागली आणि कौतुक एका दिवसात बंद. केस वाढव, मान खाली घाल.

पुढची दहा वर्षं इथे लिहीत नाही, फार आहेत. ट्रान्स लोकांच्या हक्कांवरचा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा नालसा निकाल वाचला तेव्हा आपलं लिंग आपणच सांगायचं हा अधिकार आहे, एवढं कळलं. हार्मोन्स सुरू झाले, आवाज फुटला, मिशी आली. आप्पा तीन वर्षं बोलले नाहीत.

आता बोलतात. गेल्या दिवाळीत द्राक्षबागेच्या कर्जाची चर्चा होती. बाग ताई बघते, छाटणीपासून निर्यातीपर्यंत. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय मत?" आणि ताईला, "चहा टाक गं." जे ताई गेले दोन महिने सांगत होती तेच मी सांगितलं. लगेच पटलं सगळ्यांना. ज्या मान्यतेसाठी मी आयुष्यभर झुरलो ती मिळाली ती अशी, ताईच्या तोंडचा घास काढून. त्या रात्री झोप लागली नाही. हल्ली बैठकीत मला विचारलं की मी म्हणतो, ताई येऊ दे. काकांना ते आवडत नाही. चहा मी टाकतो.

वय ५०, डोंबिवली

माझं लग्न अशाच एका गे मुलाशी लावलं, १९९८ साली. सासूबाईंना ठाऊक होतं. ‘लग्न झालं की सुधारेल’, म्हणजे त्यांच्या मुलाचं औषध मी. मूल होईना तेव्हा तपासण्या माझ्या, उपास माझे, वांझ मी. सात वर्षांनी त्यानेच रडत सांगितलं. त्याच्यावर राग आहे, अजूनही आहे. पण त्यालाही बोहल्यावर ढकललंच होतं. आम्ही वेगळे झालो. ‘घराण्याचं नाव’ म्हणणारे सासरे मात्र माझी माफी न मागताच गेले.

वय ६२, सांगली

मी बाप आहे. आमच्या दिवाणखान्यात संगीत नाटकांत बाईची कामं करणाऱ्या बालगंधर्वांचा फोटो आहे, शालू, अंबाडा, नथ. माझे वडील त्यांचे भक्त. त्या काळच्या बायका त्यांचं बघून साडी नेसायला शिकल्या, हे ते अभिमानाने सांगायचे. त्याच फोटोखाली मी माझ्या मुलाला काजळ घातलं म्हणून कानफटात मारली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

पुढे मनाशी उत्तर तयार केलं, की नाटकातलं वेगळं, पडदा पडला की ते पुरुषच होते. मग सिनेनट गणपत पाटील आठवले. पडद्यावर नाच्या असा रंगवला की लोकांनी त्या बायकामुलं असलेल्या माणसाला घरीदारी तोच समजून छळलं. राजघराण्यातली नायिका रंगवली तर गंधर्व, तमाशातला नाच्या रंगवला तर टिंगल. शालूला मान, नाच्याच्या मुरक्याला नाही. मी मुलाला मारलं ते कुठल्या मापाने, हे तेव्हा कळलं.

काजळाची डबी मी हिसकावून घेतली होती. माझ्या कपाटात एलआयसीच्या कागदांखाली आहे. तो हैदराबादला असतो, आईला फोन करतो.

धागाकर्ता

सांगलीचे काका, त्याला फोन तुम्ही करा. आईकडून निरोप नको. गडहिंग्लजच्या मामांसाठी: अंगठा कशावर आणि कसा घेतला हे एखाद्या वकिलाला दाखवायला हवं, भाचीने मला निरोप करावा, मी सोबत येतो.

भाच्याचं नाव लावणीत परत घातलंय. ताईने स्वतः शाळेत जाऊन घातलं. गॅदरिंग २४ तारखेला आहे. मेव्हण्यांनी अजून येतो म्हटलेलं नाही.